हरिहर-अंजनेरीच्या पावसात पोंचो : कुठे भागतं, कुठे अडतं

आषाढात नाशिक शहरात नुसती भुरभुर असते तेव्हाही त्र्यंबकेश्वर-इगतपुरीकडच्या डोंगरांत, हरिहर-अंजनेरीसारख्या किल्ल्यांवर, पाऊस धो-धो कोसळत असतो. त्या पावसात चार-पाच तास मजेत भटकायचं असेल, तर आमची पसंती सॅकसकट अंगावर घ्यायच्या पोंचोला, म्हणजे डोक्यातून घालायच्या बिनबाह्यांच्या, टोपीवाल्या पावसाळी झग्याला. पॉलियुरेथेनचा लेप दिलेला नायलॉनचा, वजन ३०० ते ४०० ग्रॅम, किंमत हजार रुपयांच्या आगेमागे. पावसाळ्याच्या तोंडावर टपरीवर टांगलेला पातळ प्लास्टिकचा पोंचो वेगळा. तो करवंदीच्या जाळीत पहिल्याच तासाला फाटतो आणि त्याच्या चिंध्या रानात राहतात. तो घेऊच नका.

रेनकोटपेक्षा पोंचो सरस ठरतो तो घामामुळे. चढावर अंग तापतं, हवा आधीच दमट, आणि बंद रेनकोटातून वाफ बाहेर पडायला वाव नसतो. तासाभरात आतला शर्ट ओलाचिंब होतो आणि वाटतं की कोटच गळतोय. मग माथ्यावर वारा लागला की त्याच घामाने हुडहुडी भरते. पोंचो बाजूंनी मोकळा, खालून हवा खेळती. भातलावणीत डोक्यावर घेतलेल्या इरल्याचं तत्त्व हेच आहे: डोकं आणि पाठ झाकायची, हात मोकळे ठेवायचे. पोंचोतही शर्टाच्या बाह्यांचा पुढचा भाग आणि गुडघ्याखालचे पाय भिजतातच. ते भिजू द्यावेत. फक्त अंगात सुती कपडे नकोत, झटपट वाळणारे हवेत. जीन्स तर मुळीच नको. भिजली की जड होते आणि गुडघा वाकवू देत नाही.

दुसरा मोठा फायदा सॅकला. नुसतं रेनकव्हर लावलं तर पाठ आणि सॅक यांच्या फटीतून पाणी उतरतं आणि कव्हरच्या तळाशी साचून राहतं. पोंचोमुळे ती फटच झाकली जाते. तरी सॅकच्या आत एक जाड प्लास्टिकची पिशवी घालून सगळं सामान तिच्यात भरावं, तोंड पिळून दुमडावं. कोरडा शर्ट आणि मोबाइल यांचा भरवसा त्या पिशवीवर ठेवावा, पोंचोवर नाही.

विकत घेताना कापडापेक्षा शिलाई बघा. पोंचो उलटा करून टोपी आणि खांद्याच्या शिवणींवर आतून पट्टी चिकटवलेली आहे का ते तपासा. गळती बहुतेक सुईच्या भोकांतूनच सुरू होते. घरी शिवणीचा भाग झोळीसारखा धरून त्यात लिटरभर पाणी ओता आणि पंधरा मिनिटं थांबा. थेंब आले तर कोरडं करून आतून सीम सीलर (शिवणीची भोकं बुजवणारा द्रव) लावा आणि दिवसभर वाळू द्या. टोपीला नाडी हवीच. नसेल तर मान वळवली की टोपी डोळ्यांवर येते. मागच्या घोळाला टिचबटणं असली तर उत्तम, कारण सॅक काढल्यावर तोच घोळ वीतभर खाली लोंबतो.

आता पोंचो जिथे नडतो ते. अंजनेरीच्या पठारावर वारा सुटला की तो शिडासारखा फुगतो आणि तोल जातो. कमरेला बाहेरून दोरी किंवा पट्टा बांधला की बराच आवरतो. पण खरी अडचण हरिहरवर. तिथला कातळात खोदलेला जिना जवळजवळ उभा आहे. पायऱ्यांत हात रोवायला खोबण्या आहेत आणि पाय कुठे पडतोय ते दिसणं फार गरजेचं. पोंचोचा पुढचा घोळ नेमकी तीच पायरी झाकतो, नाहीतर बुटाखाली येतो. म्हणून जिन्याखालीच पोंचो काढून सॅकमध्ये टाका आणि भिजत चढा. वरच्या दरवाजापलीकडे कपारीतून वाकून जावं लागतं, तिथेही तो खडकाला अडकून फाटतो. पायऱ्यांवरून पाण्याचा लोंढा येत असेल तर मात्र चढूच नका. चढणाऱ्यांची आणि उतरणाऱ्यांची वाट एकच आहे, आणि मध्ये कुणी घसरलं तर खालचेही सापडतात. पावसाळ्यात गर्दी पाहून वनविभाग प्रवेशावर बंधनं घालतो, त्यामुळे पायथ्याच्या निरगुडपाड्याला किंवा हर्षेवाडीला निघण्याआधी चौकशी करा.

थांबायचं असेल तेव्हा कोपऱ्यांना धातूच्या कड्या असलेला पोंचो दोन झाडांमध्ये ताणून दोघातिघांपुरता आडोसा होतो. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी कोरड्या हातांनी खाता येते, आणि भर पावसात हे सुख मोठं आहे. विजा कडाडत असतील तर झाडाखाली अजिबात थांबू नका.

घरी आल्यावर साध्या पाण्याने चिखल धुवा, पिळू नका, सावलीत दोन्ही बाजूंनी वाळवा. ओलसर घडी करून ठेवला तर आतला लेप चिकट होतो, वास मारतो आणि पापुद्रे सुटू लागतात. तिथून पुढे तो पोंचो पाऊस अडवत नाही. कितीही सीलर फासला तरी नाही.