विद्यापीठातला सामायिक क्लाउड : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या विद्यापीठाने गेल्या जुलैत सर्व विभागांसाठी एकच क्लाउड, म्हणजे नेटवर्कवरून हवी तेवढी संगणकशक्ती आणि साठवण देणारी सामायिक सोय, सुरू केला, तेव्हा भूगोल विभागातर्फे पहिला अर्ज माझाच होता. तेव्हापासून मार्चअखेरपर्यंत प्रात्यक्षिके, विद्यार्थ्यांचे प्रकल्प आणि माझे स्वतःचे काम असे सगळे त्यावरच चालले. मी संगणकशास्त्राचा माणूस नाही, त्यामुळे हा अनुभव वापरणाऱ्याच्या बाजूचा आहे. वापरकर्त्यांच्या समितीच्या काही बैठकांना बसल्यामुळे पडद्यामागचे थोडेफार कळले, इतकेच.

आधीची स्थिती सांगितल्याशिवाय या सोयीची किंमत कळणार नाही. प्रत्येक विभागाने कुठल्या ना कुठल्या अनुदानातून एखादा सर्व्हर घेतलेला होता आणि तो कोणाच्या तरी केबिनमध्ये टेबलाखाली घरघरत असे. शेजारच्या विभागाचा सर्व्हर वर्षातले आठ महिने रिकामा असे आणि आमचा सबमिशनच्या दिवसांत गुदमरत असे, पण एकाचे दुसऱ्याला देण्याची काही व्यवस्था नव्हती. व्यापारी क्लाउड भाड्याने घ्यावा, तर आमच्याकडे अनुदान यंत्रखरेदीला मिळते, दरमहा बदलणाऱ्या बिलाला मिळत नाही. वापर झाल्यावर ठरणारी रक्कम आधी मंजूर कशी करायची, हा लेखाविभागाचा प्रश्न चुकीचाही नव्हता. म्हणून स्वतःची यंत्रे एकत्र आणून त्यांचाच क्लाउड उभारण्याचा मार्ग निवडला गेला. दिल्लीच्या आयआयटीचा ‘बादल’ हा स्वतःचा क्लाउड समितीला ठाऊक होता, त्याचाही धीर मिळाला असावा.

आतली प्रणाली ओपनस्टॅक आहे. नासा आणि रॅकस्पेस यांनी २०१० साली सुरू केलेला हा मुक्त प्रकल्प म्हणजे एकच सॉफ्टवेअर नसून अनेक भागांची जुळणी आहे : नोव्हा आभासी यंत्रे, म्हणजे खऱ्या सर्व्हरवर सॉफ्टवेअरने उभे केलेले स्वतंत्र संगणक (व्हीएम), चालवतो, न्यूट्रॉन नेटवर्क सांभाळतो, सिंडर साठवणीचे व्हॉल्यूम, म्हणजे व्हीएमला जोडायच्या वेगळ्या डिस्क, देतो, ग्लान्समध्ये नव्या व्हीएमसाठी साच्यासारख्या तयार प्रतिमा असतात आणि कीस्टोन लॉगिन तपासतो. वापरणाऱ्याला दिसते ते होरायझन नावाचे वेबपान. विद्यापीठाच्या ईमेलचाच पासवर्ड इथे चालतो, ही गोष्ट साधी वाटते, पण नव्या विद्यार्थ्याला खाते मिळवण्यासाठी कोणाच्या सहीची वाट पाहावी लागत नाही, हे मला फार मोलाचे वाटले.

पहिल्या आठवड्यात मी व्हीएम सुरू केली, तिला बाहेरचा पत्ता जोडला आणि ती काही केल्या उत्तर देईना. दोन दिवस नेटवर्कला दोष देऊन शेवटी संगणक केंद्राला तक्रार लिहिली, तेव्हा एका ओळीचे उत्तर आले : ‘सिक्युरिटी ग्रुपमध्ये २२ क्रमांकाचे पोर्ट उघडा.’ सिक्युरिटी ग्रुप म्हणजे व्हीएमचे कोणते दरवाजे, म्हणजे पोर्ट, उघडे ठेवायचे याची यादी. बाहेरून येणारे सगळे दरवाजे मुळात बंद असतात आणि हवा तेवढाच आपण उघडायचा असतो. पुढे प्रत्येक नवा वापरकर्ता याच ठिकाणी अडखळताना मी पाहिला. माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर हे एक वाक्य असते, तर केंद्राचे निम्मे ईमेल वाचले असते.

खरा लाभ प्रात्यक्षिकांच्या वर्गात झाला. पूर्वी चाळीस संगणकांवर क्यूजीआयएस हे नकाशांचे सॉफ्टवेअर आणि पायथनची पॅकेजेस बसवण्यात सत्राचे पहिले दोन आठवडे जात आणि तरीही प्रत्येक यंत्रावर आवृत्ती वेगळीच निघे. आता मी एक व्हीएम नीट मांडली, तिची प्रतिमा जतन केली आणि त्या प्रतिमेवरून चाळीस यंत्रे एका तासिकेच्या आत उभी राहिली. सेंटिनेल-२ उपग्रहांची १० मीटर विभेदनाची (एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे १० मीटर) छायाचित्रे आम्ही वापरतो आणि एका दृश्याची फाइल जवळपास एक जीबीची असते. ती चाळीस जणांनी चाळीस वेळा उतरवण्याऐवजी एकदाच उतरवून सामायिक जागेत ठेवता आली. गिरणा खोऱ्यातल्या पिकांचे वर्गीकरण पदव्युत्तर वर्गाने पहिल्यांदाच पूर्ण हंगामासाठी केले, ते यामुळेच.

मात्र याच वर्गात एक दुखणेही घडले. एका विद्यार्थिनीने काम झाले असे समजून आपली व्हीएम काढून टाकली आणि तिचे तीन आठवड्यांचे वर्गीकरण त्या व्हीएमबरोबर गेले. व्हीएमची मूळ डिस्क तिच्यासोबत नष्ट होते आणि टिकाऊ काम वेगळ्या व्हॉल्यूमवर ठेवायचे असते, हे तिला कोणी सांगितले नव्हते, मीही नाही. ‘पण इथे तर प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती असतात ना, सर?’ असे तिने विचारले. प्रश्न रास्त होता, कारण खालची सेफ (Ceph) नावाची साठवण प्रणाली खरोखरच तीन प्रती ठेवते. पण त्या प्रती डिस्क बिघडण्यावरचा उपाय आहेत. आपणच पुसण्याची आज्ञा दिली, की तिन्ही ठिकाणांहून पुसले जाते. तीन प्रती म्हणजे बॅकअप नव्हे, ही पाटी मी आता प्रयोगशाळेच्या दारावर लावली आहे.

वेगाबद्दल बोलायचे, तर ऑक्टोबरपर्यंत तक्रारीला जागा नव्हती. मार्चमध्ये मात्र जे गणित वीस मिनिटांत होई, त्याला तास लागू लागला. लिनक्सच्या ‘टॉप’ आज्ञेत ‘एसटी’ या अक्षरांपुढचा आकडा वाढलेला दिसला, की समजावे की आपली व्हीएम कामाला तयार आहे, पण खऱ्या प्रोसेसरवर तिची पाळी येत नाही. प्रोसेसरच्या प्रत्यक्ष असलेल्या गाभ्यांपेक्षा (कोअर) कितीतरी जास्त आभासी गाभे वाटले जातात, कारण सगळे एकाच वेळी राबत नाहीत असे गृहीत असते. सबमिशनच्या आठवड्यात नेमके सगळेच राबतात.

आणि तरीही, माझ्या मते, यंत्रे कमी पडत नाहीत, परत येत नाहीत. समितीत यादी आली, तेव्हा चालू व्हीएमपैकी बऱ्याच अशा निघाल्या की त्यांत महिनोन्‌महिने कोणी शिरलेले नव्हते, आणि त्यांतली एक माझीही होती. बंद करून ठेवलेली व्हीएमसुद्धा आपला कोटा आणि यंत्रावरची जागा धरूनच बसते. ‘शेल्व्ह’ केली, म्हणजे तिची प्रत जपून तिला यंत्रावरून उतरवले, तर निदान यंत्रावरची जागा मोकळी होते, पण ते बटण फारसे कोणाला ठाऊक नाही. आमच्या धुळ्याकडे पांझरेवर फड पद्धतीने पाणी वाटले जाई, तिथे पाट आणि बंधारा सगळ्यांचा असला, तरी कोणाच्या शेतात किती वेळ पाणी सोडायचे, हे पाहणारा पाटकरी नेमलेला असे. आमच्या क्लाउडला बंधारा मिळाला, पाटकरी मिळायला जानेवारी उजाडला. तेव्हापासून प्रत्येक व्हीएमला चार महिन्यांची मुदत आहे आणि मुदत संपण्याआधी दोनदा ईमेल येतो. काही ज्येष्ठ प्राध्यापकांनी याला अविश्वास म्हटले. मला मात्र हा निर्णय पहिल्याच दिवशी व्हायला हवा होता असे वाटते.

ग्राफिक कार्डांची गोष्ट अधिक अवघड आहे. इथे कार्ड अख्खे एकाच व्हीएमला जोडले जाते, म्हणून ते धरून ठेवणारा झोपला, तरी दुसऱ्याला मिळत नाही. एनव्हिडियाच्या ए१०० सारख्या कार्डाचे सातपर्यंत स्वतंत्र भाग करता येतात, पण आमची कार्डे त्या जातीची नाहीत. मी त्यांचा नाद सोडला.

सेवा नऊ महिन्यांत दोनदा पूर्ण बंद पडली, एकदा ऑक्टोबरच्या उकाड्यात सर्व्हरखोलीचा एसी गेला म्हणून आणि एकदा जनरेटर सुरू झाला नाही म्हणून. दोन्ही वेळा विदा सुरक्षित राहिली. हा सगळा डोलारा दोन माणसे सांभाळतात आणि त्यांतला एक कंत्राटी आहे. ओपनस्टॅकची नवी आवृत्ती वर्षातून दोनदा येते, ती बसवायची कोणी आणि कधी, याचे उत्तर मला बैठकीत मिळाले नाही.

जूनच्या सत्रासाठी मी पुन्हा चाळीस व्हीएम मागितल्या आहेत, या खेपेला प्रत्येकीला वेगळ्या व्हॉल्यूमसह, आणि परत करण्याची तारीख अर्जात मीच लिहून दिली आहे.