मतदारयादी की घरयादी? स्थलांतरितांच्या सर्वेक्षणाचा नमुना निवडताना

धर्म, अस्मिता आणि राजकीय कल यांविषयी पुण्यात सर्वेक्षण करायचे, तर नमुना, म्हणजे मुलाखतीसाठी निवडायची माणसे, मतदारयादीतून घ्यावा की गल्लोगल्ली फिरून स्वतः घरांची यादी, म्हणजे घरयादी करून, हे प्रश्नावलीच्याही आधी ठरवावे लागते. मी दोन्ही पद्धतींनी काम केले आहे.

मतदारयादीत नाव, वय, लिंग आयते मिळते आणि ठरावीक अंतराने नावे उचलली, की सोयीचा माणूस गाठण्याची मुभा सर्वेक्षकाला राहत नाही. दिल्लीच्या सीएसडीएस या संशोधन संस्थेतल्या लोकनीती या उपक्रमाचे राष्ट्रीय निवडणूक अभ्यास याच वाटेने होतात. मत कोणाला दिले हे नमुना मतपत्रिका आणि पेटी पुढे करून विचारण्याची त्यांची रीत मी आजही वापरतो.

मात्र भोसरीतल्या एका चाळीने माझे मत बदलले. वर घरमालक, खाली सामाईक नळाभोवती नऊ खोल्या. यादीत त्या पत्त्यावर पाच नावे, पाचही मालकाच्या घरातली. लातूर, बीड, बिहारहून आलेल्या भाडेकरूंपैकी एकाचेही नाव नव्हते. “नाव गावच्या यादीत आहे, मतदानाला गावीच जातो,” असे एक जण म्हणाला, आणि ते समजण्यासारखे होते, कारण १९५०च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार नाव एकाच मतदारसंघात ठेवता येते आणि ज्याचे घर-शेत गावी आहे तो ते सहसा गावीच ठेवतो. स्थलांतराविषयीचे प्रश्न आम्ही चार दिवस घरमालकांनाच विचारत होतो, हे मला अजून सलते.

घरयादी सोपी नाही. गल्लीचा कच्चा नकाशा काढा, खोल्या मोजा, कुलपे टिपा. आमचे दिवस जवळपास दुप्पट लागले. त्यातही ‘कुटुंब’ म्हणजे काय, हा पेच येतो. जनगणना एका चुलीवर जेवणाऱ्यांना एक कुटुंब धरते. पण एका खोलीतले सहा जण खानावळीत जेवत असतील तर? आम्ही खोली हेच एकक धरले आणि तिथून एक जण किशच्या तक्त्याने, म्हणजे कोणाची मुलाखत घ्यायची हे सर्वेक्षकाच्या मर्जीवर न सोडता ठरवून देणाऱ्या तक्त्याने, निवडला. तो पाळीवर असला, तर सुटीच्या वारी पुन्हा गेलो.

केवळ मतदानाचा अभ्यास असेल, तर मतदारयादी बहुधा पुरेशी ठरेल. विषयात स्थलांतर असेल, तर सहाशेंऐवजी तीनशे मुलाखती घ्याव्या लागल्या तरी मी घरयादीच करीन, आणि तिच्यात एक प्रश्न हमखास ठेवीन: तुमचे नाव कोणत्या गावच्या मतदारयादीत आहे?