पीच घ्यावे ते येथूनच, रोप मात्र सध्या नको

आंब्याची आवक ओसरून पावसाने जोर धरला की साताऱ्याच्या बाजारात हिमाचल आणि उत्तराखंडातून आलेली पीचची फळे दिसू लागतात. राजवाडा परिसरातील या दुकानात ही फळे ज्या निगुतीने ठेवली आणि विकली जातात, तशी निगा शहरात मला इतरत्र क्वचितच आढळली. म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहे.

पीचचे फळ झाडावरून उतरवल्यानंतर मऊ होते, त्याचा सुवासही वाढतो; परंतु केळ्यासारखा पिष्टाचा साठा त्यात नसल्यामुळे त्यातील साखर नंतर वाढत नाही. कच्चे तोडलेले फळ घरी कितीही दिवस ठेवले तरी ते नरम पडेल, गोड होणार नाही. त्यामुळे पारख करायची ती खरेदी करतानाच, आणि तीही लाल छटेवरून नव्हे, कारण लाली जातीवर आणि मिळालेल्या उन्हावर अवलंबून असते. देठाच्या खोबणीजवळचा हिरवटपणा जाऊन तेथे पिवळसर रंग चढला असेल, तरच ते फळ वेळेवर उतरवले आहे असे समजावे. गल्ल्यावर बसणाऱ्या काकू प्रत्येक फळ उलटे धरून गिऱ्हाईकाला देठाची बाजू दाखवतात, आणि वजन करण्यापूर्वी एकच प्रश्न विचारतात, "आज खायचीत का परवा?" त्यानुसार मऊ आणि टणक फळे वेगवेगळ्या कागदी पिशव्यांत भरून मिळतात. फळ अंगठ्याने दाबून पाहण्यास त्या मनाई करतात आणि ते योग्यच आहे. दाबल्याची खूण दुसऱ्या दिवशी तपकिरी डाग होऊन वर येते.

दुकानात काचेचा फ्रीज असूनही टणक पीच त्यात ठेवले जात नाही, ही बाब मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पुरते न पिकलेले फळ २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात बरेच दिवस राहिले, तर बाहेरून ताजे दिसत असतानाच त्याचा गर कापसासारखा कोरडा होतो, आणि एकदा असे झाले की ते पुन्हा रसाळ होत नाही. येथील फळे घरी टोपलीत एका थरात पसरून ठेवली की नीट तयार होतात. खाण्याच्या वेळी लव चोळून धुवावे, शिवणीवरून सुरी फिरवून दोन्ही अर्ध्या फोडी उलट दिशांना पिळाव्यात. कोय सुटी असलेल्या जातीत ती अलगद निघते आणि रस मनगटापर्यंत ओघळतो. भाव हातगाडीपेक्षा थोडा चढा आहे, परंतु फेकावे लागणारे फळ जवळजवळ निघत नाही.

माझी तक्रार आहे ती पावसाळ्यात दुकानाबाहेर मांडलेल्या कलमी रोपांविषयी. त्यांच्या चिठ्ठीवर केवळ "पीच" एवढेच लिहिलेले असते. पीचच्या झाडाला हिवाळ्यात विश्रांती लागते आणि ७ अंशांखालील थंडीचे ठरावीक तास मिळाल्याशिवाय कळ्या नीट फुटत नाहीत. एल्बर्टासारख्या जातीला असे सुमारे ८०० तास लागतात, तर फ्लोरडाप्रिन्सला १५० च्या आसपास पुरतात. साताऱ्यात जानेवारीच्या रात्री गारठा असला तरी दुपारी पारा तिशीच्या घरात जातो, तेव्हा येथे प्रयत्न करायचाच तर कमी थंडीच्या जातीचाच करावा. डोंगरी जातीचे कलम नुसती पाने मिरवत राहील. त्यातही मुळांशी पाणी साचू न देणारी उताराची जमीन हवी. फळे मागील वर्षीच्या फुटव्यावर धरत असल्याने दर हिवाळ्यात छाटणी चुकवता येत नाही, आणि सुपारीएवढी झालेली फळे विरळ केली नाहीत तर सगळीच बारीक राहतात.

जात कोणती, असे विचारल्यावर काकूंनी उगाच काहीतरी न सांगता, "ते नर्सरीवाल्यांना विचारावं लागंल," असे स्पष्ट सांगितले, याचा मला आदर वाटतो. पुढच्या खेपेला चिठ्ठीवर जातीचे नाव आणि कलम कोठून आणले एवढे लिहिले, तर परसातल्या उंचवट्यावर लावण्यासाठी मी येथूनच रोप नेईन.