इलेक्टिव्ह कोणता घेऊ: ॲग्री क्रेडिट, डेरिव्हेटिव्ह्ज की रिस्क?

नागपुरात बँकिंग-फायनान्सच्या पोरांचे फॉर्म भरायचे दिवस आले की सगळ्यांचा प्रश्न एकच, "दादा, स्कोअरिंग कोणता आहे?" अरे पण डिग्रीनंतर बसायचं कुठं आहे ते आधी सांग ना, मग इलेक्टिव्हचं, म्हणजे आपण निवडायच्या पेपरचं बोलू.

कंपल्सरीत चॉइस नाहीच. अकाउंट्स, स्टॅट्स, इकॉनॉमिक्स, बँकिंग लॉ, नावं थोडी इकडची तिकडे. पोरं हे "काढून टाकायचे पेपर" म्हणून बघतात अन् इथंच गडबड होते, कारण इलेक्टिव्ह यांच्यावरच उभा असतो. ज्याला स्टँडर्ड डेव्हिएशन नीट कळलं नाही त्याला डेरिव्हेटिव्ह्जमधलं ऑप्शन प्रायसिंग (ठरल्या भावानं सौदा करायच्या हक्काची किंमत काढणं) कसं झेपणार? अन् बँकेत लागलाच तर पुढं जेएआयआयबी ही बँक कर्मचाऱ्यांची परीक्षा आहे, चार पेपर, त्यात एक अकाउंटिंगचा, एक इकॉनॉमी अन् फायनान्शियल सिस्टीमचा, म्हणजे आज जे टाळलं ते नोकरी करता करता परत वाचत बसायचं.

आता इलेक्टिव्ह. सगळ्यात जास्त गर्दी डेरिव्हेटिव्ह्जला (शेअर-मालाच्या भावावर बेतलेले करार, फ्युचर्स अन् ऑप्शन्स), कारण मोबाईलवर ऑप्शन ट्रेडिंग करणारा एक तरी मित्र प्रत्येकाला असतोच. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीचा 2024 चा अभ्यास बघून घे, 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत एफ अँड ओमध्ये (फ्युचर्स अन् ऑप्शन्स) 93 टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात होते. विषय वाईट नाही, गणित आवडत असेल तर मजा येते, पण त्याची खरी डेस्कवाली कामं बहुतेक मुंबईत. इथं ब्रोकरच्या ब्रांचमध्ये पोरांच्या वाट्याला जास्त करून सेल्स येतो, अन् म्युच्युअल फंड विकायला एनआयएसएम या सेबीच्या संस्थेची परीक्षा वेगळी द्यावीच लागते.

ॲग्री किंवा रूरल क्रेडिटला पोरं नाक मुरडतात, "शेतीचंच शिकायचं होतं तर बँकिंगला काहून आलो?" पण बाप्पा, आरबीआयच्या नियमानं बँकांना 40 टक्के कर्ज प्राधान्य क्षेत्राला द्यावं लागतं, त्यातलं 18 शेतीला, अन् विदर्भातल्या ब्रांचमध्ये पोस्टिंग झालं की टेबलावर कापूस, सोयाबीन, संत्र्याच्याच फाईली. तिथले नियमही वेगळे. साधं कर्ज 90 दिवस थकलं की एनपीए, म्हणजे बुडीत धरायचं, पण कमी मुदतीच्या पिकाचं कर्ज दोन हंगाम थकल्यावर अन् लांब मुदतीच्या पिकाचं एक हंगाम थकल्यावर. काहून असं, तर शेतकऱ्याच्या हातात पैसा महिन्याला नाही, माल निघाल्यावर येतो. हे ज्याला समजलं त्याला किसान क्रेडिट कार्डाची लिमिट कशी काढतात तेही पटकन समजतं. शिवाय नाबार्ड या ग्रामीण विकासाच्या बँकेतल्या अधिकाऱ्यांच्या ग्रेड ए परीक्षेत ॲग्रीकल्चर अन् रूरल डेव्हलपमेंट असतंच, तिथं हा अभ्यास सरळ कामी येतो.

रिस्क मॅनेजमेंट मला डेरिव्हेटिव्ह्जपेक्षा बरा वाटतो, अन् हे बऱ्याच जणांना पटत नाही. बासेल (बँकांच्या भांडवलाचे आंतरराष्ट्रीय नियम), भांडवलाचं प्रमाण (आपल्याकडं जोखमीनुसार मोजलेल्या मालमत्तेच्या किमान 9 टक्के, वरून बफर वेगळा), क्रेडिट रेटिंग, हे कोणत्याही बँकेत अन् एनबीएफसीत (बँक नसलेल्या फायनान्स कंपनीत) लागतं, नागपूरला राहा का पुण्याला जा. फक्त स्टॅट्स कच्चं असेल तर इथंही रडशील. डिजिटल बँकिंग सोपा आहे, पण यूपीआय 2016 ला आलं अन् तेव्हापासून सगळं इतक्या वेगानं बदललंय की पुस्तक हातात येईपर्यंत जुनं होते, त्यामुळं दुसरा पर्याय म्हणून ठेव.

ज्याला फक्त आयबीपीएस पीओ (सरकारी बँकांतल्या अधिकारी भरतीची परीक्षा) करायचंय त्यानं इलेक्टिव्हचं टेन्शन घेऊच नये. कोणतीही डिग्री चालते, प्रिलिममध्ये इंग्लिश, क्वांट, रिझनिंग, बस. झेपेल तो हलका पेपर घ्या अन् वेळ तिकडं द्या.

घरी राहूनच नोकरी करायची असेल, काटोल-उमरेडकडची ब्रांच चालत असेल, तर मी डोळे झाकून ॲग्री म्हणेन. मुंबई-पुणं अन् गणित चांगलं, तर रिस्क. फॉर्म भरायच्या आधी डिपार्टमेंटला जाऊन मागच्या वर्षी कोणते इलेक्टिव्ह खरंच चालवले ते विचारून घे, यादीत पाच दिसतात पण पोरं कमी भरली की वर्गच सुरू होत नाही, अन् मग तुला उरलेल्यात ढकलतात, म्हणून दुसरा प्रेफरन्सही विचार करूनच टाक.