दोन भोकांच्या मधली कंबर: वाढत्या स्काऊटसाठी बेल्ट, टोपी आणि स्कार्फ

मुलाचं नाव शाळेच्या स्काऊट पथकात लागलं की स्टील ग्रे शर्ट आणि नेव्ही ब्ल्यू पॅन्टचा प्रश्न लवकर सुटतो. कापड ठरलेलं, रंग ठरलेला. शर्ट थोडा ढगळ चालतो आणि पॅन्टची पट्टी आत दुमडून टाका घातला की पुढच्या वर्षी सोडता येते. खरं अडतं ते बेल्ट, टोपी आणि स्कार्फपाशी. या वस्तू शर्ट-पॅन्टइतक्या सहज लहान-मोठ्या होत नाहीत, आणि मूल तर दहाव्या वर्षी पथकात येऊन थेट दहावीपर्यंत वाढतच असतं. आमच्या घरी दोन मुलं स्काऊटमध्ये. थोरल्याला चामडी बेल्ट घेतला होता, धाकट्याला नायलेक्सचा, म्हणजे नायलॉनसारख्या विणलेल्या पट्टीचा. त्यामुळे दोन्ही बाजू रोजच्या वापरात पाहायला मिळाल्या.

भारत स्काऊट्स आणि गाईड्सच्या नियमांत दोन्ही बेल्ट बसतात: राखाडी नायलेक्सचा किंवा तपकिरी चामड्याचा, बक्कल मात्र संस्थेचंच हवं. तरीही काही पथकांत सगळ्यांनी एकच प्रकार वापरावा असा आग्रह असतो, म्हणून आधी सरांना विचारून घ्या.

चामडी बेल्टच्या बाजूने बोलायचं तर दिसायला तो केव्हाही उजवा. कडक इस्त्रीच्या गणवेशावर पॉलिश केलेला तपकिरी पट्टा आणि चकचकीत बक्कल असलं की मुलगा आपोआप ताठ उभा राहतो. पट्टा वळत नाही, गुंडाळला जात नाही. चांगल्या कातड्याचा असेल तर वर्षानुवर्षं टिकतो. पावसाळ्यात कपाटात ठेवला की बुरशी धरतो, पण कोरड्या फडक्याने पुसून थोडं तेल लावलं की काम भागतं. तेवढ्यासाठी मी त्याला नाकारलं नसतं.

माझं मत फिरलं ते भोकांमुळे.

चामडी पट्ट्यावर साधारण इंचाइंचावर भोकं असतात. मोठ्या माणसाच्या कंबरेला इंचाचा फरक फारसा जाणवत नाही. दहा-अकरा वर्षांच्या मुलाची कंबर साठ सेंटिमीटरच्या आसपास असते, तिथे एक इंच म्हणजे पुष्कळ झालं. थोरल्याची कंबर कायम दोन भोकांच्या मध्येच असायची. आतलं भोक लावलं की जेवणानंतर पोटाला काचायचं आणि बी.पी. सिक्सच्या (स्काऊट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांच्या सहा व्यायामांच्या) सरावात पायाची बोटं धरायला वाकला की श्वास अडायचा. बाहेरचं लावलं की धावताना पॅन्ट खाली आणि शर्ट बाहेर. मग डावा हात सतत कंबरेवर. उजव्या हाताने सॅल्यूट ठीक होता, पण स्काऊटचं हस्तांदोलन डाव्या हाताने असतं, आणि तो हात पॅन्ट सावरण्यात गुंतलेला! तपासणीच्या वेळी त्याचं लक्ष समोरच्या माणसाकडे नसायचं, सगळं पॅन्टकडे असायचं. लहान मुलासाठी ही गोष्ट क्षुल्लक नसते. ज्या तासाला त्याने मोकळेपणाने गाठी शिकाव्यात, खेळावं, त्या तासाला तो कपडे सांभाळत राहतो.

चांभाराकडून मधे एक भोक पाडून घेतलं. काही काळ बरं गेलं. मग कंबर थोडी वाढली आणि पुन्हा तोच प्रकार. भोकं जवळजवळ आली की मधलं कातडं ताणलं जातं, दोन भोकांचं एक लांबट भोक होतं, आणि तिथून पट्टा कमजोर पडतो. शिवाय वाढीचा विचार करून पट्टा लांब घेतला तर शेपूट बाजूला लोंबतं, आणि ते पॅन्टच्या लुप्समध्ये नीट थांबत नाही.

नायलेक्सच्या पट्ट्याला हा प्रश्नच येत नाही. तो सरकवून हवा तिथे घट्ट करता येतो. सकाळी थोडा आवळला, जेवल्यावर अर्धं बोट सैल केला, झालं. शिबिरात भिजला तर दोरीवर टाकला की लवकर वाळतो. पट्टा जुना झाला तर नवा पट्टा घेऊन तेच बक्कल चढवता येतं. त्याचेही दोष आहेत. फार वापरानंतर तो मऊ पडून कडेला वळतो, स्वस्त बक्कलाची पकड ढिली होते, आणि कापलेलं टोक उसवतं. ते मोठ्या माणसाने मेणबत्तीच्या ज्योतीजवळ क्षणभर धरलं की धागे चिकटून बसतात. दुकानदार मापाला कापून देऊ का विचारेल, तेव्हा नको म्हणा. जादा लांबी आतल्या बाजूला दुमडून कच्चा टाका घाला, कंबर वाढेल तसा तो सोडत जा.

टोपीचा हिशेब वेगळा आहे, कारण डोकं कंबरेसारखं वाढत नाही. दहाव्या वर्षी मुलाच्या डोक्याचा घेर साधारण 53 सेंटिमीटर असतो आणि मोठा पुरुष झाल्यावरही तो 56-57 च्या आसपास जातो. म्हणजे सगळ्या शाळेच्या वर्षांत तीन-चार सेंटिमीटरचाच मामला. इथे निवड असते ती मापाच्या, आत नाडी असलेल्या गडद निळ्या बेरेटची (गोल, मऊ, बिनकाठाच्या टोपीची) किंवा मागे इलॅस्टिक लावलेल्या एकाच मापाच्या बेरेटची. मला नाडीवाली पटते. इलॅस्टिकवाली झटकन बसते खरी, पण कपाळावर वळ उठतो आणि मूल संधी मिळाली की ती काढून खिशात कोंबतं. नाडीवाली एक माप मोठी घ्यावी, भुवयांच्या वरून टेप फिरवून मापावी, आणि नाडीची गाठ पक्की करून आत खोचून द्यावी. फार सैल वाटली तर पट्टीच्या आत फोमची बारीक पट्टी ठेवता येते. बॅज डोळ्यावर उतरत नाही ना, एवढं बघा. गरम पाण्यात मात्र धुऊ नका, लोकरीची असेल तर आटते.

स्कार्फच्या बाबतीत मी बेधडक मोठा घ्या म्हणेन. नियमाप्रमाणे त्रिकोणाच्या दोन बाजू 70 ते 80 सेंटिमीटरच्या असतात. रंग पथकाचा असतो, तिथे निवडीला वाव नाही. 70 चा घेतला तर लांब बाजू जेमतेम मीटरभर होते, 80 चा घेतला तर 113 सेंटिमीटरपर्यंत जाते. लहान मुलाच्या गळ्यात 80 च्या स्कार्फची टोकं बेल्टपर्यंत येतात आणि पहिलं वर्षभर जरा मोठं दिसतं, हे खरं. पण स्कार्फ नुसता शोभेसाठी नाही. प्रथमोपचार शिकताना त्याचीच त्रिकोणी पट्टी होते, हाताची झोळी बांधायची असते, आणि तिथे 70 चा स्कार्फ थोडक्यात कमी पडतो. धाकट्याने सरावात वर्गातल्या दांडग्या मुलाच्या हाताला झोळी बांधली ती 80 च्या स्कार्फने, आणि गाठ मानेच्या बाजूला आरामात बसली. कापड सुती मिळालं तर बरं, टेरिकॉटची गुंडाळी लवकर सुटते. वॉगल, म्हणजे गळ्यापाशी स्कार्फची दोन्ही टोकं धरून ठेवणारं कडं, स्कार्फवर घट्ट बसेल असाच निवडा. सैल वॉगल खेळात पडतो आणि मग स्कार्फही जातो.

बुटांबद्दल एवढंच की ते मोठे घेऊन ठेवू नका. अंगठ्यापुढे अर्ध्या बोटाची जागा पुरे. मोठ्या बुटाने हायकमध्ये टाचेला फोड येतो, आणि तो दिवसभर भोवतो.

चामडी बेल्टवर मी काट मारलेली नाही. मुलगा नववी-दहावीत आला, स्काऊटच्या राज्य पुरस्काराच्या परीक्षेच्या तयारीला लागला, कंबर बऱ्यापैकी स्थिर झाली, की तो घ्यायला काहीच हरकत नाही. थोरला आता तोच वापरतो आणि त्याला शोभतोही. पण पहिल्यांदा पथकात जाणाऱ्या मुलासाठी मी नायलेक्सचाच घेईन, निदान 90 सेंटिमीटरचा, न कापलेला. दुकानात मुलाला गणवेशाची पॅन्ट घालून न्या, बेल्ट लावा, शर्ट खोचा आणि त्याला पायाची बोटं धरायला सांगा, मग उकिडवं बसायला सांगा. दोन्हीत शर्ट जागेवर राहिला आणि त्याने हात कंबरेकडे नेला नाही, तर तोच बेल्ट घ्या.