ऱ्होडेशियाचा नाणेसंच: माल उत्तम, माहिती कच्ची

विक्रेत्याने 'ऱ्होडेशियन डॉलर, ६ नाणी' (ऱ्होडेशिया म्हणजे आजचा झिंबाब्वे) म्हणून पाठवलेल्या अल्बममध्ये पहिलंच नाणं १९६४चं, राणीच्या छापाचं! डॉलर तर १७ फेब्रुवारी १९७० रोजी आला. चूक असेल म्हणून परत करणार होतो, पण नाणं उलटून पाहिलं आणि बेत रद्द. एका बाजूला कळलावीचं फूल, त्यावर '६ पेन्स' आणि '५ सेंट' दोन्ही मूल्यं. दशमान पद्धत यायच्या सहा वर्षं आधीच! १ पौंडाचे (२० शिलिंगांचे) २ डॉलर झाले, म्हणजे शिलिंगचे (१२ पेन्सांचे) बरोब्बर १० सेंट. जुनी नाणी तशीच चालली.

माझं सगळ्यात लाडकं मात्र १९७०चं अडीच सेंटांचं, तीन भाल्यांचं. दशमान चलनात अडीच कशाला? तर जुन्या तीन पेन्सांची बरोबरी करायला. पुन्हा कधी पाडलंच नाही.

माहितीपत्रक टाकाऊ. १९८०मध्ये झिंबाब्वे डॉलरने समान दराने जागा घेतली, याचा उल्लेखही नाही. प्लास्टिकचे खण घट्ट, नखं सांभाळा. चार तारे.