विम्याचा तो कागद माझ्या हातात होता

हे लिहायला मी बरेच दिवस थांबलो. जुनी गाडी घेताना मी फसलो. त्याची ग्राहक आयोगात माझी तक्रार चालू आहे, त्यामुळे विकणाऱ्याचं नाव किंवा गाडीची कंपनी मी लिहिणार नाही. पण परभणी, सेलू, मानवत, जिंतूर भागातून दर रविवारी कोणी ना कोणी जुनी गाडी बघायला पुण्याला निघतं, आणि माझ्या बाबतीत झालं ते त्यांच्यातल्या एकाच्याही बाबतीत होऊ नये, म्हणून आता सगळं सांगतो.

माझं परभणीत औषधाचं दुकान आहे. वीस वर्षं दुकान सांभाळल्यावर एक चांगली गाडी घ्यावी असं मनात होतं. नवी लक्झरी गाडी आवाक्याबाहेर होती. पण बीएमडब्ल्यू एक्स१, ऑडी क्यू३, मर्सिडीज जीएलए या आकाराच्या सहा-सात वर्षं जुन्या गाड्या पुण्या-मुंबईत नव्या साध्या एसयूव्हीच्या किमतीत मिळतात, हे मी वर्षभर बघत होतो. त्यातलीच एक, २०१८ ची डिझेल गाडी, मेहुण्यांनी शोधली. बाजारात तशा गाडीला १९-२० लाख चालू होते. ही साडेसोळाला मिळत होती.

गाडी दाखवणारा मुलगा सेलूकडचा निघाला. पुण्यात जुन्या गाड्यांच्या एका शोरूममध्ये कामाला होता. फोनवर त्याची आपल्याकडची बोली ऐकली आणि माझी अर्धी शंका तिथंच गेली. "दादा, तुम्हाला फसवून मी गावाकडं तोंड कसं दाखवू? मी काय खोटं बोलायलोय का?" हे वाक्य त्याने मला तीनदा ऐकवलं. पुण्यात आपलं माणूस भेटलं की आपण सैल पडतो. हा सैलपणा विकणाऱ्यांना पक्का ठाऊक आहे. मराठवाड्याचं गिऱ्हाईक आलं की मराठवाड्याचाच मुलगा पुढे केला जातो, हे मला नंतर त्याच शोरूमच्या दुसऱ्या एका गिऱ्हाइकाकडून कळलं.

रविवारी, ६ ऑक्टोबर २०२४ ला आम्ही गेलो. सहा दिवसांवर दसरा. सकाळी साडेनऊला पोचलो तर गाडी धुऊन, पुसून, एसी लावून उभी. बोनेटला हात लावला तर गरम. "तुमच्यासाठीच चालू करून ठेवली, गार व्हावी म्हणून," तो म्हणाला. मला ती आपुलकी वाटली. थंड इंजिन पहिल्यांदा चालू होताना जो आवाज येतो, जो धूर निघतो, तो आम्हाला दिसूच नये म्हणून ते होतं. गाडी बघायला जाताना आदल्या रात्रीच सांगून ठेवा की मी येईपर्यंत चावी फिरवायची नाही. गेल्यावर बोनेट गरम लागलं तर त्या दिवशी व्यवहार करू नका.

आत सुगंधी डबी ठेवलेली, काचा बंद. मी ट्राय घेतली. गाडी लोण्यासारखी चालली. सोबत आणलेल्या ओळखीच्या मिस्त्रीने रंग बघितला, बंपर बघितला, खाली वाकून चेसिस बघितली आणि "ठोकलेली नाही" म्हणाला. त्याचं खरंच होतं, ती गाडी ठोकलेली नव्हती. ती बुडालेली होती.

मी कागद बघितले. आरसी बुकावर बोजा नव्हता. पासिंग एमएच ०९, म्हणजे कोल्हापूर. दुसरा मालक पुण्याचा. चलन बाकी नाही. विमा चालू, मार्चपर्यंत. संध्याकाळी नांदेडची पार्टी येणार आहे म्हणून घाई. टोकन दिलं आणि चार दिवसांनी उरलेली रक्कम. त्यातले चार लाख रोख मागितले, तेही मी दिले. करारावर फक्त साडेबारा लाख लिहिले गेले. २ लाख किंवा त्याहून जास्त रक्कम एका व्यवहारात रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही, हे मला माहीत असायला हवं होतं. आता ते चार लाख मी दिले याचा माझ्याकडे कागद नाही.

दसऱ्याला गाडी दारात आली. आईने हळद-कुंकू लावलं, टायरखाली लिंबं ठेवली.

आता विम्याच्या कागदाकडे येतो, कारण मला जे सांगायचं आहे ते तिथेच आहे. नाव बदलण्यासाठी मी ती पॉलिसी आमच्या विमा एजंटला दाखवली. तो म्हणाला, "काका, ही फक्त थर्ड पार्टी आहे, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीपुरती. फुल विमा घ्यायचा तर कंपनी आधी गाडी तपासेल." मी म्हटलं, मार्चमध्ये बघू. मला वाटलं आधीच्या मालकाने पैसे वाचवले असतील. वीस लाखांची जर्मन गाडी, जिचा एक हेडलाइट लाखाच्या घरात जातो, ती एखादा माणूस स्वतःच्या नुकसानीचा विमा न काढता का चालवेल? हा प्रश्न मी पैसे देण्याआधी स्वतःला विचारला असता तर निदान रोख रक्कम तरी वेळेत थांबली असती का, हे मी अजून मोजत बसतो. खरं तर कागद टोकनच्या आधीपासून माझ्या हातात होता. मी त्यावरची तारीख बघितली आणि प्रकार बघितला नाही.

मार्च सुरू झाला आणि ऊन तापलं. दुपारी दुकानासमोर उभ्या गाडीत बसलो की भिजलेली सरकी पोत्यात राहिल्यावर येतो तसा कुबट वास यायचा. एसी साफ केला, मॅट वाळवल्या. मग एका हेडलाइटच्या आत पाण्याचे थेंब दिसायला लागले. मग काच मध्येच खाली जायची, मग डॅशबोर्डवर दिवे लागायचे आणि आपोआप जायचे. इथल्या गॅरेजवाल्याने बॅटरी बदलायला सांगितली. बदलली.

एप्रिलमध्ये आईला डोळ्याच्या तपासणीसाठी छत्रपती संभाजीनगरला नेत होतो. जालना सोडलं, बदनापूरच्या आसपास गाडीने एकदम सगळे दिवे दाखवले, इंजिन बंद पडलं आणि एसी गेला. काचा खाली येईनात. आईच्या बाजूचं मागचं दार आतूनही उघडेना, बाहेरूनही. दुपारचा एक वाजलेला, ऊन बेचाळीसच्या पुढे. पंचाहत्तर वर्षांच्या आईला पुढच्या दोन सीटच्या मधून ओढून बाहेर काढावं लागलं. पलीकडच्या शेतातल्या एका कुटुंबाने तिला झाडाखाली नेलं, पाणी दिलं. पैशाचं दुःख विसरता येईल. त्या पाच मिनिटांत तिचा चेहरा जसा झाला होता, ते विसरता येत नाही.

गाडी टोइंगने संभाजीनगरच्या सर्व्हिस सेंटरला नेली. त्यांनी चेसिस नंबर टाकला आणि पहिल्याच मिनिटाला सांगितलं की या गाडीची शेवटची नोंद जून २०२१ ची आहे, त्यानंतर एकही सर्व्हिसिंग कंपनीकडे झालेलं नाही. जुलै २०२१. कोल्हापुरातला पंचगंगेचा पूर. मी तिथल्या खुर्चीत बसलो आणि सगळं जुळलं.

त्यांनी सीट काढून कार्पेट उचललं. खालचा फोम ओला होता आणि त्याच्या खाली नदीच्या गाळाचा राखाडी थर होता, वाळून तडे गेलेला. या गाड्यांत वायरिंगच्या जाड जुड्या आणि काही कंट्रोल युनिट कार्पेटखाली, सीटखाली असतात. कनेक्टर उघडले तर आतलं तांबं हिरवं झालेलं. तिथल्या मेकॅनिकने मला शांतपणे समजावलं. पाणी वायरच्या आवरणात शिरलं की ते आतल्या आत सरकत राहतं आणि तांबं हळूहळू खातं. म्हणून बुडालेली गाडी साफ करून चालू केली की काही महिने, कधी त्याहून बराच जास्त काळसुद्धा, छान चालते. तेवढ्यात ती विकून टाकायची असते. दुरुस्तीचा अंदाज पावणेपाच लाखांचा आला, तोही खात्री न देता.

पहिल्या मालकाचा पत्ता लावायला मला महिना लागला. तो माणूस सरळ होता. त्याने सांगितलं की गाडी तळघरातल्या पार्किंगमध्ये दोन दिवस पाण्याखाली होती. विमा कंपनीने टोटल लॉस धरून पैसे दिले आणि गाडी भंगार म्हणून लिलावात गेली. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विम्यात धरलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की विमा कंपनी ती दुरुस्त करायच्या भानगडीत पडत नाही. अशा गाड्या लिलावात घेऊन, धुऊन-वाळवून, सीट कव्हर बदलून पुन्हा रस्त्यावर आणणारी माणसं आहेत. आरसी रद्द झालेली नसेल तर कागद स्वच्छच राहतात. एमपरिवहन अ‍ॅपवर मालक दिसतो, बोजा दिसतो, विम्याची मुदत दिसते, पण गाडी बुडाली होती हे कुठे लिहिलेलं नसतं.

तर गाडी बघायला जाणाऱ्यांनी सगळ्यात आधी पॉलिसीची पूर्ण प्रत मागवा, व्हॉट्सअ‍ॅपवर, पुण्याला निघण्याच्या आधी. फक्त थर्ड पार्टी असेल तर का, हे विचारा. पूर्ण विमा असेल तर त्यावर नो क्लेम बोनसची ओळ बघा. क्लेम न घेणाऱ्याला हा बोनस २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत चढत जातो. चार वर्षं एकाच मालकाकडे असलेल्या गाडीवर तो शून्य असेल तर अलीकडे क्लेम घेतलेला असू शकतो, मग कशाचा ते विचारा. आधीच्या दोन-तीन वर्षांच्या पॉलिसीही मागा. मधले काही महिने विमाच नसेल, तर त्या महिन्यांत गाडी कुठे पडून होती हे कळलं पाहिजे.

दुसरं, सर्व्हिस हिस्टरी. मालकाच्या संमतीने अधिकृत सर्व्हिस सेंटर चेसिस नंबरवरून ती देतं. मालक संमती देत नसेल तर तिथेच थांबा.

गाडी समोर आल्यावर सीट बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. रोज वापरात बेल्टचा वरचा भागच बाहेर येतो, त्यामुळे साफ करणारा शेवटचा हातभर भाग विसरतो. गाळाची रेघ तिथे सापडते. सीटच्या रुळाखाली मोबाइलचा टॉर्च मारून गंज बघा. डिकीतलं कार्पेट उचलून खालचा खळगा बघा. फ्यूज बॉक्स उघडा. कोपऱ्यात हात घालून कार्पेटखाली दाबा, ओल बोटांना लगेच कळते. एसी बंद करून, काचा लावून, गाडी दहा मिनिटं उन्हात उभी करा आणि मग आत बसा. सुगंधाची डबी आधी बाहेर काढायला लावा.

चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांनी विझला पाहिजे. लागलाच नाही तर एअरबॅग फुटून गेलेल्या असू शकतात आणि दिवा काढून टाकलेला असू शकतो. गाडीच्या कॉम्प्युटरमधल्या नोंदी वाचणारा स्कॅनर लावणारा माणूस सोबत न्या. त्याला नुसते एरर बघू नका म्हणावं. एरर आदल्या दिवशी पुसता येतात. पण पुसल्यावर गाडीच्या स्वतःच्या तपासण्या काही काळ अपूर्ण दिसतात, ते बघायला सांगा. गाडी रोजच्या वापरात आहे म्हणतात आणि त्या अपूर्ण असतील, तर काल-परवा काहीतरी पुसलेलं आहे. मीटर मागे घेतलेलं असलं तरी काही गाड्यांत खरं किलोमीटर गिअरबॉक्सच्या युनिटमध्ये किंवा चावीत नोंदलेलं सापडतं, तेही तपासता येतं.

रंगाची जाडी मोजणारं यंत्र दोन-अडीच हजारांत मिळतं. काचांवर छापलेली वर्षं एकमेकांशी जुळतात का बघा, टायरवरचा चार अंकी आकडा बघा, त्यातले पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन साल. शिवाय आपल्या भागात राहणाऱ्याने हेही धरून चालावं की सर्व्हिस सेंटर परभणीहून दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे, आणि यातल्या काही गाड्यांना रनफ्लॅट, म्हणजे हवा गेल्यावरही थोडं अंतर चालणारे, टायर असतात; ते आपल्या खड्ड्यांत फुटले तर स्टेपनी नसू शकते.

२०१० मध्ये औरंगाबादच्या मंडळींनी एकदम दीडशेच्या आसपास मर्सिडीज घेतल्या होत्या, देशभर बातमी झाली होती. त्या नव्या होत्या, पण मला आज त्यातली वेगळीच गोष्ट आठवते. ती माणसं एकत्र गेली होती. एकत्र भाव केला, एकत्र कागद बघितले. आपण जुनी गाडी घ्यायला मात्र गुपचूप जातो, दारात आल्यावर सगळ्यांना दाखवू म्हणून.

विकणाऱ्याने फोन उचलणं बंद केलं. शोरूमवर गेलो तर कराराची ओळ दाखवली, "जशी आहे तशी, बघून पसंत केली." सेलूचा मुलगा नोकरी सोडून गेला होता. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं प्राधिकारपत्र लागतं आणि गाडी त्याच्या ताब्यात आल्याची नोंद करावी लागते. ते पत्र मी व्यवहाराआधी मागायला हवं होतं. आधी नोटीस पाठवली, मग तक्रार. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते, पुण्याला खेटे घालावे लागत नाहीत. मुदत दोन वर्षांची. कोणी अडकलं असेल तर आधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर बोला, आणि व्हॉट्सअ‍ॅपचं एकही बोलणं पुसू नका. माझ्या तक्रारीत सर्वांत जास्त कामाला आलेला पुरावा म्हणजे त्या मुलाचा एक व्हॉइस मेसेज, "गाडी पावसात पण बाहेर काढली नाही, दादा."

गाडी दुकानामागे ताडपत्रीखाली उभी आहे. पुरावा आहे म्हणून विकता येत नाही. आई त्या बाजूने जातच नाही.

मी स्कॅनर घेतला आहे आणि रंग मोजायचं यंत्रही. आपल्या भागातलं कोणी अशी गाडी बघायला निघालं असेल तर दुकानावर येऊन सांगा. रविवारी मी स्वखर्चाने सोबत येईन. येताना पॉलिसीची प्रत मागवून ठेवा.